खाटेखालचा आवाज

आजी देवापुढे दिवा लावायची आणि मला समोर बसवायची. ती एक ओळ म्हणायची, मी तिच्यामागून तीच ओळ म्हणायचे. आधी शुभं करोति, मग भीमरूपी. 'भूतप्रेतसमंधादि' हा शब्द जिभेवर बसायला मला अख्खा श्रावण लागला. बसला त्या दिवशी आजीने हातावर साखर ठेवली. समंध म्हणजे काय ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण तो शब्द म्हणताना पोटात काहीतरी हलायचं आणि पुढे मारुतीचं नाव आलं की शांत व्हायचं.

हे १९९२ सालचं. आम्ही ठाण्यात किसननगरला राहायचो, वागळे इस्टेटला लागून असलेल्या एका चाळीत. एक खोली, एक मोरी, पाच माणसं. दादा सोळा वर्षांचा होता, मी नऊची. एका संध्याकाळी दिवा लागून झाल्यावर दादाने टेपरेकॉर्डर खाटेवर ठेवला आणि मित्राकडून भरून आणलेली कॅसेट लावली. आजीने कानावर पदर ओढून घेतला. गाणं मध्यावर आलं, गिटारचा कल्लोळ ओसरला आणि एक पुरुष खालच्या आवाजात काहीतरी म्हणाला. त्याच्यामागून एका लहान मुलाने तेच म्हटलं. पुन्हा तो पुरुष, पुन्हा ते मूल.

मला त्यातला एक शब्द कळला नव्हता. पण काय चाललंय ते मात्र लगेच कळलं. "आजी, तो शुभं करोति म्हणतोय," मी सांगितलं. आजीने पदर बाजूला केला, मान वाकडी करून नीट ऐकलं आणि म्हणाली, "घाबरलंय गं ते लेकरू."

ते गाणं मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचं 'एंटर सँडमन'. पुढे कितीतरी वर्षांनी मी त्याच्याबद्दल वाचत गेले, तेव्हा आजीचं म्हणणं किती बरोबर होतं ते दिसलं. ते मूल म्हणतं ती इंग्रजी घरांमधली झोपायच्या वेळची जुनी प्रार्थना आहे. अठराव्या शतकातल्या अमेरिकेत मुलांच्या अक्षरओळखीच्या पुस्तकात ती छापलेली असायची. तिचा अर्थ साधारण असा : आता मी झोपतो आहे, देवा माझा आत्मा सांभाळ, आणि जाग यायच्या आधीच मी मेलो तर तो तुझ्याकडे घे. चारपाच वर्षांच्या मुलाने रोज रात्री हे म्हणायचं. ज्या काळात घरटी एखादं मूल जायचंच, त्या काळातली ती प्रार्थना आहे. आईबापांनी आपली भीती मुलाच्या तोंडी देऊन ठेवली होती.

गाण्यातला तो आवाज निर्माता बॉब रॉकच्या लहान मुलाचा. आणि गाण्याचे शब्द सुरुवातीला वेगळेच होते. गायक जेम्स हेटफिल्डने आधी लिहिलं होतं ते पाळण्यात झोपेतच दगावलेल्या बाळाबद्दल, एका सुखी घरावर अचानक पडलेल्या घाल्याबद्दल. ड्रमर लार्स उलरिक आणि बॉब रॉक या दोघांनी त्याला ते पुन्हा लिहायला लावलं. मरण शब्दांतून गेलं, प्रार्थनेत तेवढं राहिलं. मला वाटतं, म्हणूनच ते गाणं इतकं अंगावर येतं. आत काहीतरी पुरलेलं आहे हे ऐकणाऱ्याला जाणवतं, दिसत नाही.

पण त्या प्रार्थनेपेक्षाही माझं मन अडकलं ते पुढच्या ओळींत. तिथे तो मोठा माणूस अंगाईच्या सुरात मुलाला गप्प करतो, आणि सांगतो की तुला ऐकू आलेला आवाज म्हणजे पलंगाखालची जनावरं आहेत, कपाटातली आहेत, तुझ्या डोक्यातली आहेत. जगातली सगळी मोठी माणसं मुलांना सांगतात की तिथे काही नाही. हा सांगतो की आहे.

चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला होते. तिथला बल्ब बहुतेक वेळा गेलेला असायचा. रात्री जायची वेळ आली की मी बाबांना उठवायचे. दुसरी पाळी करून आलेले असायचे ते, डोळे न उघडताच म्हणायचे, "काही नसतं तिथे. मोठी झालीस आता, जा." मी जायचे. गॅलरीच्या कठड्याला हात लावून, भीमरूपी म्हणत. तिथे काही नसतं हे मलाही माहीत होतं. पण मला भीती वाटते आहे, ही गोष्ट तर होती ना? ती कुणालाच दिसत नव्हती.

आणि हीच मोठी माणसं, गरज पडली की, भीती स्वतः काढून द्यायची. जेवत नाहीस, बुवा येईल. झोपत नाहीस, झोळीवाला गोसावी नेईल. महाराष्ट्रात बाकी ठिकाणी वेडंवाकडं वागणाऱ्याला 'ठाण्याला पाठवू' म्हणतात. आम्ही तर ठाण्यातच होतो. १९०१ सालापासून उभं असलेलं मनोरुग्णालय आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. त्यामुळे आमच्याकडे ती धमकी नुसत्या बोटाने दिली जायची, त्या झाडांच्या दिशेने. शेजारच्या काकूंनी दादाची गाणी ऐकून ते बोट किती वेळा दाखवलं असेल! त्या भिंतीपलीकडे आजारी माणसं आहेत, त्यांच्यावर उपचार चालू आहेत, हे आम्हा मुलांना कुणी एकदाही सांगितलं नाही. मला अजूनही त्या बाजूने जाताना लहानपणीच्या त्या धमकीची आठवण येते आणि वाईट वाटतं, माझ्यासाठी नाही, आतल्या माणसांसाठी.

युरोपातला सँडमन आपल्या बागुलबुवाचाच भाऊ म्हणायचा. मुलांच्या डोळ्यांत वाळू टाकून झोप आणणारा. १८१६ सालच्या एका जर्मन कथेत तर तो न झोपणाऱ्या मुलांचे डोळेच काढून नेतो. म्हणजे भीती घालणारी मोठी माणसं सगळीकडे आहेत. हेवी मेटल ऐकताना मला पहिल्यांदा असं वाटलं की कुणीतरी गोधडीच्या आतून बोलतंय. जिथे मूल असतं, तिथून.

दादाला इंग्रजी माझ्याइतकंच यायचं, म्हणजे मराठी शाळेत येतं तेवढं. पण त्याने एक वही केली होती. मित्राच्या कॅसेटमधल्या कागदावरून गाण्यांचे शब्द उतरवायचे, शब्दकोश घेऊन एकेक शब्द लावायचा. रात्री जेवणानंतर गॅलरीत बसून तो मला अर्थ सांगायचा. त्यात मेटॅलिकाच्या १९८८ सालच्या अल्बममधलं शेवटचं गाणं होतं, 'डायर्स ईव्ह'. ते आईबापांना लिहिलेलं पत्र आहे. प्रिय आई, प्रिय बाबा अशी सुरुवात, आणि मग एका दमात सगळा हिशोब. तुम्ही मला जगापासून लपवून ठेवलंत, माझ्या वतीने सगळं ठरवलंत, आणि आता मी बाहेर आलो तर मला काहीच येत नाही.

हेटफिल्डचं घर ख्रिश्चन सायन्स पंथाचं. औषध घ्यायचं नाही, बरं करणारा देव आहे. शाळेत आरोग्याचा तास लागला की या मुलाला वर्गाबाहेर जावं लागायचं. वडील ट्रक चालवायचे. तो तेरा वर्षांचा असताना ते घर सोडून गेले. आईला कर्करोग झाला, उपचार घेतले नाहीत, आणि तो सोळाचा असताना ती गेली. 'एंटर सँडमन' ज्या १९९१च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बममध्ये आहे, त्यातच या देवावरही एक गाणं आहे. म्हणजे एंटर सँडमनमध्ये मुलाला प्रार्थना शिकवणारा जो आवाज आहे, तो प्रार्थनेवर विसंबून आई गमावलेल्या मुलाचा आहे. हे कळल्यानंतर मी ते गाणं पुन्हा लावलं तेव्हा मध्यापर्यंत जाऊ शकले नाही. बंद केलं.

दादाला हे चरित्र तेव्हा माहीत नव्हतं. त्याला फक्त पत्र कळलं होतं. आमचे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी ती एक, आणि नव्वदच्या दशकात तिथले कारखाने एकामागून एक बंद पडत होते. १९९५ मध्ये बाबांच्या कंपनीला टाळं लागलं. हिशेब मिळायला वर्ष गेलं. त्या वर्षात बाबा घरी बसून असायचे आणि दादाचं बारावीनंतर काही धड लागत नव्हतं. एकदा टेपचा आवाज मोठा होता म्हणून बाबांनी त्याच्या कानाखाली मारली. वयाने एकोणीस वर्षांचा मुलगा, बापाच्या उंचीचा. तो काही बोलला नाही. वॉकमन घेऊन गॅलरीत गेला आणि हेडफोन लावून कठड्याला टेकून उभा राहिला. त्याने कुठलं गाणं लावलं असेल ते मला न विचारताच माहीत होतं.

बाबांची बाजू मला तेव्हा दिसत नव्हती, आता दिसते. पण त्या रात्री दादाला जे बापाला म्हणायचं होतं ते दुसरं कुणीतरी, सात समुद्रांपलीकडे, त्याच्यासाठी ओरडून म्हणत होतं, आणि त्यामुळे दादाचा हात बाबांवर उगारला गेला नाही. मोठ्या आवाजाचं संगीत मुलांना बिघडवतं असं कुणी म्हणालं की मला ती गॅलरी आठवते.

आमच्या चाळीत एक काका होते, त्यांची दोन बोटं प्रेसखाली गेलेली. दादाने मला जेव्हा सांगितलं की ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडच्या टोनी आयोमीच्याही दोन बोटांची टोकं सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात गेली, आणि त्या बोटांना घरी बनवलेल्या टोपणांसारखं काहीतरी लावून तो गिटार वाजवतो, तेव्हा मला तो परका वाटलाच नाही. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली ही चार पोरं १९४८-४९ मध्ये जन्मलेली, युद्धात बॉम्ब पडलेल्या मोकळ्या जागांवर खेळून मोठी झालेली. १९७१च्या 'चिल्ड्रेन ऑफ द ग्रेव्ह' या त्यांच्या गाण्यात मुलं रस्त्यावर उतरतात आणि अणुबॉम्बच्या छायेत जगायला नकार देतात. शीर्षक ऐकून काकूंना ते स्मशानातलं वाटायचं. खरं तर ते जगण्याचा हट्ट धरणाऱ्या मुलांचं गाणं आहे.

एका कॅसेटचं मुखपृष्ठ मात्र आईने उलटं करून ठेवलं होतं. मेगाडेथ या बँडचा १९९४चा 'युथनेशिया'. एक म्हातारी बाई कपडे वाळत घालतेय, आणि दोरीवर कपड्यांऐवजी तान्ही बाळं उलटी टांगलेली आहेत, नजर जाईल तिथपर्यंत. आमच्या गॅलरीत कुणाचं ना कुणाचं बाळंतपण सतत असायचं. दुपटी आणि लंगोट दोरीवर कायम. आईला ते चित्र सहन होणं शक्यच नव्हतं. मलाही झालं नाही. पण ते विसरताही आलं नाही. कंपन्या बंद पडलेल्या त्या वर्षांत चाळीतली वीसबावीस वर्षांची मुलं दिवसभर नाक्यावर उभी असायची, आणि मला ती दोरी दिसायची. मोठ्यांनी टांगून ठेवलेली, कधी उतरवून घेणार ते ठाऊक नसलेली मुलं.

मोठ्यांना मुलांची काळजी नसते असं मी म्हणत नाही. असते, आणि तीव्र असते. १९८५ मध्ये अमेरिकेत काही प्रतिष्ठित घरांतल्या आयांनी एकत्र येऊन पंधरा गाण्यांची यादी काढली, मुलांना घातक म्हणून. त्यातली नऊ हेवी मेटलवाल्यांची. १९ सप्टेंबरला त्यावर सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. ट्विस्टेड सिस्टर या बँडचा गायक डी स्नायडर, केसांचा हा मोठा पसारा, बिनबाह्यांचं डेनिम जाकीट, तिथे गेला आणि त्याने आधी हे सांगितलं की माझं लग्न झालंय, मला तीन वर्षांचा मुलगा आहे. ज्या गाण्यात यांना हिंसा दिसली होती ते त्याने गिटारवादकाच्या घशाच्या शस्त्रक्रियेच्या भीतीवर लिहिलं होतं. त्या सुनावणीनंतर कॅसेटवर पालकांसाठी इशाऱ्याची पट्टी आली. मुलांना खरोखर कुठे लागतंय, हे मात्र कुणी त्या गाण्यांना विचारलं नाही.

आमच्या ठाण्याचंच घ्या. दहीहंडीला इथे नऊ थर लागतात. २०१२ मध्ये ४३.७९ फुटांचा जागतिक विक्रम इथेच झाला. सगळ्यात वर चढतं ते सगळ्यात हलकं, म्हणजे सगळ्यात लहान पोर. खाली स्पीकरच्या भिंती. १४ वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवू नये हे ठरायला २०१७ साल आणि न्यायालय लागलं. मी लहानपणी तलावपाळीजवळ बाबांच्या खांद्यावर बसून हंडी बघितलीय, जीव मुठीत धरून. मला त्या उत्सवाचा आनंद नाकारायचा नाही. पण वरच्या त्या मुलाचा चेहरा मी पाहिला होता, आणि दादाच्या कॅसेटमधल्या मुलाचा आवाज ऐकला होता, आणि मला दोघांमध्ये फरक वाटला नव्हता.

आता जे लिहायचं आहे ते मी बरीच वर्षं टाळलं आहे.

माझी लेक सात वर्षांची आहे. बालवाडीत होती तेव्हा घरभर 'रिंगा रिंगा रोझेस' म्हणत फिरायची आणि 'हुशा बुशा' म्हणत धपकन खाली बसायची. ते ऐकलं की मला कॉर्न या बँडचं १९९४च्या पहिल्या अल्बममधलं गाणं आठवायचं. त्यात हीच बालगीतं एकामागून एक येतात, स्कॉटिश बॅगपाइपच्या पार्श्वभूमीवर, आणि गायक जोनाथन डेव्हिस ती अशा आवाजात म्हणतो की अंगावर काटा येतो. या गोड गाण्यांच्या पोटात काळोख आहे, असं त्याला दाखवायचं होतं. रिंगा रिंगा हे लंडनच्या प्लेगचं गाणं आहे ही समजूत मात्र लोकगीतांच्या अभ्यासकांना मान्य नाही. प्लेग १६६५चा, गाणं छापलेलं सापडतं ते एकोणिसाव्या शतकात, आणि प्लेगशी त्याचा संबंध लोक जोडू लागले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. तरी मला डेव्हिसचं चुकलं असं वाटत नाही. आमच्या भोंडल्यात आठदहा वर्षांच्या मुली फेर धरून हसत हसत सासुरवासाची गाणी म्हणायच्या. कारल्याचं बी पेरल्याशिवाय माहेर नाही, वेल आल्याशिवाय नाही, भाजी केल्याशिवाय नाही. मी खिरापतीकडे डोळे लावून ती म्हटली आहेत. काळोख असतोच.

त्याच अल्बमचं शेवटचं गाणं 'डॅडी'. मी ते पूर्ण एकदाच ऐकलं आहे. गायक म्हणता म्हणता कोसळतो आणि रडत राहतो, खरंखुरं, आणि ध्वनिमुद्रण चालूच ठेवलेलं आहे. नावामुळे लोकांना वाटलं की त्याच्या वडिलांनीच त्याच्यावर अत्याचार केला. नंतर त्याने स्पष्ट केलं की करणारं माणूस दुसरंच होतं. त्याने घरी जाऊन सांगितलं, आणि घरच्यांना तो खोटं बोलतोय असं वाटलं. ते गाणं आहे त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. विश्वास न ठेवल्याबद्दल.

पाचवीत असताना माझ्या एका मैत्रिणीने मला शिकवणीच्या सरांबद्दल काहीतरी सांगितलं होतं. तिने आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, असलं बोलायचं नाही, सर मोठे आहेत. मग तिने मला सांगितलं. आम्ही दोघी चाळीच्या जिन्यात बसलो होतो. मी काय म्हणाले ते मला स्वच्छ आठवतं. मी म्हणाले, "तू शिकवणी सोड ना मग." आणि विषय बदलला. दहा वर्षांच्या मुलीला याहून काय सुचणार, असं दादा म्हणतो. मला ते पटत नाही. मला तिच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता, कारण ठेवला असता तर मलाही भीती वाटली असती. त्या दिवाळीनंतर तिच्या घरचे जागा बदलून गेले. 'डॅडी' ऐकलं तेव्हा मी कॉलेजात होते, मैत्रिणीच्या खोलीवर, आणि मला तो जिना दिसत होता.

लेकीच्या शाळेत मध्यंतरी चांगला स्पर्श-वाईट स्पर्श यावर एक तास झाला. २०१२ मध्ये मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा आला, मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे, बाईंनी फळ्यावर तो लिहून दिला. लेक घरी येऊन मला तो नंबर पाठ म्हणून दाखवत होती, पाढ्यासारखा. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "आणि मला सांगायचं. काहीही असलं तरी. मी खरं मानेन." ती म्हणाली, "खोटं सांगितलं तरी?" मी हो म्हटलं. तिला ते फार गमतीचं वाटलं.

रामस्टाइन या जर्मन बँडच्या २००१च्या अल्बममध्ये एक गाणं आहे, किल्ली दिली की वाजणाऱ्या संगीतपेटीचं. एक मूल मेलं असं समजून पुरलं जातं, हातात एक छोटी संगीतपेटी. ते जमिनीखाली जागं होतं. पेटी वाजत राहते. त्यातला लहान मुलाचा आवाज गिटारवादक रिचर्ड क्रुस्पेच्या मुलीचा आहे. ऐकायला भयंकर, आणि मी ते कुठल्याही लहान मुलाला ऐकवणार नाही. पण शेवट बघा. मृतांच्या स्मरणाच्या रविवारी लोक दफनभूमीत जातात, त्यांना जमिनीतून ती धून ऐकू येते, ते खणतात आणि मूल जिवंत निघतं. कुणीतरी थांबून ऐकतं. मला त्या गाण्यात दुसरं काही ऐकूच येत नाही आता.

मेटलमधलं सगळंच असं नाही, हे मला माहीत आहे आणि त्याचा मला राग येतो. अतिजहाल प्रकारांमध्ये मेलेल्या मुलांची चित्रं मुखपृष्ठावर लावतात, निव्वळ बघणारा दचकावा म्हणून. तिथे मूल बोलत नसतं, त्याला कुणी काही विचारलेलं नसतं. ती दचकवण्याची वस्तू झालेली असते. हेही मोठ्यांनी मुलांना वापरणंच झालं, काकूंच्या त्या बोटाहून वेगळं नाही. कुठलंही गाणं समोर आलं की मी आता एवढंच पाहते, की यात मुलाला आवाज आहे का.

आवाज द्यायचा तर तो मुलांनी स्वतः घेतलेलाही मी पाहिला. इंडोनेशियात जावा बेटावर गारुत म्हणून गाव आहे. तिथल्या शाळेतल्या तीन हिजाबी मुलींनी २०१४ मध्ये बँड काढला, 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोट'. बाचेप्रोट म्हणजे त्यांच्या भाषेत गोंगाट. शाळेतल्या शिक्षकांनीच त्यांना मेटल ऐकवलं होतं. त्यांचं सुरुवातीचं एक गाणं शाळेवरच आहे, आणि २०२४ मध्ये त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरीत वाजवून आल्या. मी त्यांच्या वयाची असताना दादा मुंबईत रंगभवनला रॉकचा महोत्सव ऐकायला जायचा, शेवटच्या लोकलने ठाण्याला परतायचा, आणि मी खाटेवर जागी राहून तो आल्यावर काय काय झालं ते ऐकायचे. मुलींनी तिथे जायचं नसतं, एवढं एकच कारण असायचं.

मी गेले ती २००८ मध्ये. १ फेब्रुवारी, वांद्रे-कुर्ला संकुल, आयर्न मेडन या इंग्लिश बँडचा कार्यक्रम. नोकरी लागली होती, तिकीट स्वतःच्या पैशांचं, दादा सोबत. 'फिअर ऑफ द डार्क' सुरू झालं आणि गिटारच्या त्या सुरावटीवर अख्खं मैदान एका गळ्याने गाऊ लागलं. अंधारात चालताना मला भीती वाटते, मागे कुणीतरी आहे असं वाटतं, हे सांगणारं गाणं. दाढीवाले, बाहूंवर गोंदलेले, घाम निथळणारे बाप्ये हात वर करून गात होते की आम्हाला अंधाराची भीती वाटते. दादाही गात होता. माझ्या डोळ्यांना धार लागली. त्या गॅलरीच्या टोकाशी एवढी माणसं माझ्यासोबत उभी असतील असं नवव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर!

आता आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीत, चौदाव्या मजल्यावर राहतो. दादा ऐरोलीला असतो. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे असतात. लेकीला दादानेच हेवीसॉरस दाखवलं, फिनलंडमध्ये २००९ मध्ये निघालेला लहान मुलांचा मेटल बँड, सगळे डायनासोरच्या वेशात. तिला ते खूप आवडतं. मला ते गोड वाटतं, पण त्यात भीती पार धुऊन टाकलेली आहे, आणि सात वर्षांच्या मुलीला भीती काही कमी वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री लाइट गेली. जनरेटर लागायला वेळ लागला. लेक तिच्या खोलीतून पळत आली आणि म्हणाली पलंगाखाली काहीतरी आहे, आवाज येतोय. मी दमले होते. दुसऱ्या दिवशी लवकर उठायचं होतं. "काही नसतं गं" हे शब्द माझ्या ओठांवर आलेच होते.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबा आले, भिंतीला धरत धरत. चौऱ्याहत्तर वर्षांचे, दोन्ही गुडघे गेलेले. त्यांनी बॅटरी शोधून हातात घेतली आणि नातीला विचारलं, "कुठून येतोय आवाज? दाखव बघू."

ती त्यांचं बोट धरून त्यांना घेऊन गेली. मी दारात उभी राहिले. बाबांनी पलंगाच्या कडेला हात टेकला, कण्हत एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि जमिनीला गाल लावून आत बघितलं. लेकही त्यांच्या शेजारी तशीच आडवी झाली. बराच वेळ दोघं काही बोलले नाहीत.

"ऐकू येतोय?" तिने विचारलं.

"थांब," बाबा म्हणाले, "ऐकू दे मला."